रुग्णाचा अधिकार, रुग्णाचे कर्तव्य



सांगली-मिरज परिसरात उपचारांसाठी सीमेपलीकडून, कर्नाटकातूनही रुग्ण येतात. परंतु आजही अनेकदा निदान प्रथम मुलाला वा जावयाला सांगितले जाते आणि संमतीपत्रावर सहीही त्याचीच होते. ज्याचा देह, त्यालाच विचारायचे राहून जाते. यामागे माया असते. पण मायेपोटी घेतला तरी तो निर्णय दुसऱ्याचाच असतो.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात याविषयी स्पष्ट निर्वाळा दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय आईच्या संमतीने काढण्यात आले होते. जिवावर बेतलेले नसताना ती संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरविले.

हा विचार आपल्याला परका नाही. याच सांगलीत १९४५ साली बाबाराव सावरकरांनी देह ठेवला. त्यांचे धाकटे बंधू स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी ‘आत्महत्या आणि आत्मार्पण’ या लेखात निराशेने जीव देणे आणि जीवितकार्य पूर्ण झाल्यावर देह ठेवणे यांतील भेद मांडला. १ फेब्रुवारी १९६६ पासून त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले आणि २६ फेब्रुवारीस ते निवर्तले. त्यांचे अनुकरण प्रत्येकाने करावे, असे नव्हे. निर्णय विचारपूर्वक घ्यावा आणि शुद्धीत असताना सांगून ठेवावा, हा त्यातील बोध.

अरुणा शानबाग यांना ती संधी मिळाली नाही. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची सेवा केली. त्या सेवेला तोड नाही. तथापि, अरुणाताईंची इच्छा काय, हे मात्र अज्ञातच राहिले.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. असाध्य आजारात रुग्णाला बोलता येत नसेल, तर वैद्यकीय मंडळांच्या तपासणीनंतर त्यानुसार कृती होते.

अधिकार न्यायालयाने दिला. कर्तव्य आपले आहे. आजाराची पूर्ण माहिती डॉक्टरांना विचारावी, आपली इच्छा घरच्यांना सांगावी आणि ती लिहून ठेवावी. असे न केल्यास अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांवर आपण एक असह्य ओझे टाकून जातो. एरवी मुलांसाठी सर्व तरतूद करणाऱ्या आईवडिलांनी ही एक तरतूदही करून ठेवावी.