पानिपतची अर्धी आठवण

(म्हसवड येथे संक्रांतीच्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



संक्रांत आली की पानिपतची आठवण निघते. 14 जानेवारी 1761 रोजी गावोगावची कर्ती माणसे तेथे पडली. म्हणूनच सर्वनाशाला आमच्या बोलीत ‘पानिपत झाले’ असे म्हणतात. पण ही आठवण आम्ही सांगतो कशी? पुढारी सभेत गर्जतो, “सुरजमल जाट ऐनवेळी निघून गेला, म्हणून घात झाला!” टाळ्या पडतात आणि गोष्ट तेथेच संपते.

तो गेला हे खरे. बायकामुले व जड सामान मागे ठेवा, हा त्याचा सल्ला सदाशिवरावभाऊंनी मानला नाही. 1760 साली दिल्लीत दोघांचे फाटले. पण लढाईनंतर उपाशी, उघडेवाघडे, जखमी लोक पळत आले, तेव्हा त्यांना कोणी थारा दिला? याच सुरजमलाने! अब्दालीच्या रोषाची पर्वा न करता त्याने व राणी किशोरीने त्यांना अन्नवस्त्र दिले, औषधपाणी केले आणि सुखरूप वाटेला लावले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्यांतच होत्या.

आता मागची गोष्ट ऐका. 1754 साली मराठ्यांनीच जाटांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तेथे मल्हारराव होळकरांचा एकुलता मुलगा, अहिल्याबाईंचा पती खंडेराव, तोफेच्या माऱ्यात पडला. सहा वर्षांनी त्याच मल्हाररावांनी, शिंद्यांसह जामीन राहून, सुरजमलाला भाऊंच्या छावणीत आणले. ज्याच्या काळजाला घाव बसला, त्याने तो पोटात घातला. आणि ज्यांना ओरखडाही नाही, ते अडीचशे वर्षांनी भांडतात!

2019 च्या डिसेंबरात ‘पानिपत’ चित्रपट आला. सुरजमल मदतीच्या बदल्यात आग्ऱ्याचा किल्ला मागतो, असे त्यात दाखविले. जाट समाज खवळला. जयपुरात चित्रगृहाची मोडतोड झाली. भरतपूर घराण्यातले, तेव्हा राजस्थानात मंत्री असलेले विश्वेंद्र सिंह यांनी बंदी मागितली. शेवटी चित्रपटाचा काही भाग कापावा लागला. चित्रपट कापता येतो. फाटलेली मने कोण शिवणार?

दोस्त राष्ट्रांचेही हेच. 2022 साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा पोलंडने युक्रेनच्या लाखो निर्वासितांना आसरा दिला. तरीही 1943 ते 1945 या काळात युक्रेनी बंडखोरांनी केलेल्या पोलिश लोकांच्या कत्तलीवरून दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना टोचत राहिले. 2025 साली युक्रेनमधील पुझ्निकी गावी उत्खनन होऊन मेलेल्यांच्या अस्थी सन्मानाने पुरल्या गेल्या. शंभर भाषणांनी झाले नसते, ते काम कुदळ-फावड्याने झाले.

दूर कशाला? 1697 साली सेनापती संताजी घोरपड्यांचा खून याच शंभूमहादेवाच्या डोंगरात झाला, आणि तो करणारे नागोजी माने आमच्या म्हसवडचे. मेहुण्याच्या मरणाचा तो सूड होता. त्या सुडाने स्वराज्याचा मोहरा गेला. उद्या कोणी त्या खुनाचा हिशेब मागत वेशीवर आला, तर तुम्ही आम्ही कोणती बाकी फेडणार?

इतिहास झाका, असे आम्ही म्हणत नाही. घात सांगा, कत्तल सांगा. पण सुरजमल निघून गेला हे ज्या तोंडाने सांगाल, त्याच तोंडाने त्याने आमच्या माणसांना जेवू घातले हेही सांगा. आम्ही शाळेत हेच शिकवू. तुम्ही सभेत एवढेच करा: पुढारी अर्धी गोष्ट सांगून खाली बसला, तर टाळी वाजवू नका. उभे राहून विचारा, “पुढे काय झाले?”