‘अलबेला’तले ट्रंपेटवाले

वरातीत बँडवाल्यांनी ‘अलबेला’चं गाणं धरलं की आम्ही बचत गटाच्या बायका पदर सावरत का होईना, ठेका धरतोच. ती गाणी आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाची. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, 1918 साली गोदाकाठी पुणतांब्याला जन्मले. पण आज बोलायचंय ते त्यांच्या सहायकाबद्दल.

त्यांचं नाव अँतोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचे, जन्म 1916 चा. मुंबईत सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्यांचा जाझ बँड वाजायचा. जाझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. चाल ठरलेली, पण वाजवता वाजवता जागेवरच नवं काढायचं, आपल्याकडे गवई तान घेतो ना, तसं. चिक ट्रंपेट वाजवत. या वाद्याला कळा तीनच; बाकी सगळा खेळ ओठांचा आणि दमाचा. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हॉटेलातला हा माणूस सिनेमात कसा आला? गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना लहानपणीच सुरांची लिपी वाचायला शिकवत. मुंबईच्या स्टुडिओत तेच कामी आलं. संगीतकाराने पेटीवर चाल बांधली, तरी व्हायोलिनने कुठे शिरायचं, ट्रंपेटने कुठे थांबायचं, हे प्रत्येक वादकासाठी कागदावर मांडावं लागतं. गोव्याच्या कितीतरी वादकांनी हे काम केलं. पडद्यावर त्यांची नावं क्वचितच आली.

‘अलबेला’ 1951 चा. चाली चितळकरांच्या, त्यात वाद नाही. पण त्या गाण्यांना जी पाश्चात्त्य उसळी आहे, ती चिक यांच्यासारख्या वादकांशिवाय आली नसती, असं आम्हाला वाटतं. त्याच वर्षी देव आनंद-मधुबालाच्या ‘नादान’ला त्यांनी स्वतः संगीत दिलं. तो सिनेमा आता कुणाला आठवतो? 1967 साली ते गेले, पन्नाशीच्या आसपास.

आमच्या लोणच्याच्या बरणीवर फक्त गटाचं नाव असतं. फोडणी कुणाच्या हातची, ते गिऱ्हाईक विचारत नाही. म्हणून आम्ही गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि काम लिहून ठेवतो. काहीजणी हसतात, हसू देत.

‘अलबेला’त चिक त्यांच्या बँडसह दिसतातही. टीव्हीवर लागला तर भगवानदादांच्या नाचावरून नजर जरा बाजूला न्या आणि हातात ट्रंपेट घेतलेला माणूस शोधा.