कोणता सिनेकॅमेरा घ्यावा? आधी कामाचा हिशेब



मी कॅमेरामन आहे आणि राहायला हैदराबादला आहे. लग्नं, कंपन्यांच्या फिल्म, माहितीपट, अधूनमधून एखादा लघुपट, असं मिळेल ते काम करतो. या व्याख्यानमालेमुळे मला इंदूर, बडोदा, बेळगाव, रायपूर अशा ठिकाणांहून मराठी मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो, "दादा, कोणता सिनेकॅमेरा घेऊ?" त्या प्रश्नामागे पुष्कळदा कर्ज असतं. कुणाच्या वडिलांच्या फंडातले पैसे, कुणाच्या आईच्या बांगड्या. म्हणून याचं उत्तर दोन वाक्यांत देऊ नये असं मला वाटतं. आज ते सविस्तर देतो.

आपण चार कॅमेरे समोर ठेवू. सोनीचा एफएक्स३, त्याचाच मोठा भाऊ एफएक्स६, कॅननचा सी७० आणि ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ६के प्रो. हे चारही २०२० आणि २०२१ मध्ये आले. त्यानंतर नवे पुष्कळ आले, पण भाड्याच्या दुकानात आणि सेकंडहँड बाजारात तुमची गाठ यांच्याशीच जास्त पडेल. शिवाय तुलना कशी करायची हे एकदा कळलं की उद्या येणाऱ्या कॅमेऱ्यालाही तीच फूटपट्टी लावता येते.

पहिली गोष्ट 'के'ची. ४के, ६के, ८के. गिऱ्हाईक हेच विचारतं म्हणून आपणही हेच मोजतो. साध्या एचडी चित्रात सुमारे २० लाख पिक्सेल असतात, ४के मध्ये सुमारे ८३ लाख. फरक खरा आहे, पण आरी कंपनीचा २०१० साली आलेला पहिला अलेक्सा ४के सुद्धा नव्हता. २०१२ चा 'स्कायफॉल' त्या घराण्याच्या कॅमेऱ्यांवर चित्रित झाला आणि जगभर मोठ्या पडद्यांवर दिसला. चित्र मऊ आहे अशी तक्रार कुणी केली नाही, कारण त्या कॅमेऱ्याची ताकद रंगांत आणि उजेड-सावली सांभाळण्यात होती. ६के चा खरा उपयोग म्हणजे एडिटिंगच्या वेळी चौकट थोडी कापून घेता येते. तेवढी सोय हवी असेल तर त्याचे पैसे जरूर मोजा.

दुसरी गोष्ट उन्हाची. ही आपल्या देशात सगळ्यांत महत्त्वाची आणि माहितीपत्रकात सगळ्यांत खाली लिहिलेली. आपण २५ फ्रेमवर चित्रण करतो आणि शटर १/५० ठेवतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या शटरला ट्यूबलाइट लुकलुकत नाही आणि हालचालही नैसर्गिक दिसते. आता भर दुपारचा हिशेब करा. कडक उन्हात आयएसओ १०० असेल तर एफ १६ वर साधारण १/१०० शटर लागतं, हा जुना ठोकताळा. सोनीच्या या दोन्ही कॅमेऱ्यांत लॉगमध्ये मूळ आयएसओ ८०० असतो, म्हणजे शटर १/८०० व्हायला हवं. आपल्याला हवंय १/५०. इथे प्रकाश सोळा पट, म्हणजे चार स्टॉप जास्त झाला. त्यात तुम्हाला मागचं धूसर दिसायला एफ २.८ हवं असेल तर आणखी पाच स्टॉप. एकूण नऊ स्टॉप प्रकाश अडवायचा, म्हणजे ५१२ भागांतला एकच भाग आत सोडायचा.

हे काम एनडी फिल्टर करतो. चार कॅमेऱ्यांचा खरा फरक इथे दिसतो. एफएक्स३ मध्ये आत एनडी नाहीच. लेन्सवर बाहेरून लावा, लेन्स बदलली की पुन्हा लावा. एफएक्स६ मध्ये इलेक्ट्रॉनिक एनडी आहे, दोनपासून सात स्टॉपपर्यंत चाकाने हळूहळू फिरवता येतो. नवरदेव उन्हातून मांडवात शिरला तरी चालू शॉटमध्ये उजेड जुळवता येतो. सात स्टॉप लावल्यावर आपल्या हिशेबात अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर येतं. पॉकेट ६के प्रोमध्ये दोन, चार आणि सहा स्टॉपचे फिल्टर आहेत. त्याचा मूळ आयएसओ ४०० आहे, म्हणजे एक स्टॉप तिथेच वाचतो आणि तोही एफ ५.६ वर पोचतो. सी७० मध्ये दहा स्टॉपपर्यंत सोय आहे, म्हणून भर दुपारीही एफ २.८ सहज मिळतं. एकट्याने बाहेर काम करणाऱ्याला आतला एनडी किती वेळ वाचवतो, हे एक दिवस काम केलं की कळतं.

तिसरी गोष्ट अंधाराची. रात्रीचं संगीत, जागरण-गोंधळ, देवळाच्या गाभाऱ्यातली समई. इथे पारडं उलटं फिरतं. सोनीच्या दोन्ही कॅमेऱ्यांत लॉगमध्ये दुसरा मूळ आयएसओ १२,८०० आहे. तिथे चित्र आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ राहतं. पॉकेट ६के प्रोचा दुसरा आयएसओ ३,२०० आहे. दिवे लावायची परवानगी असेल तर त्याने काहीही अडत नाही. नसेल तर सोनी.

चौथी गोष्ट फोकसची. पॉकेट ६के प्रो एकदा बटण दाबलं की फोकस करतो, पण चालत्या माणसाच्या मागे सतत फोकस धरत नाही. लघुपटाला शेजारी फोकस ओढणारा सहायक असेल तर ही उणीव नव्हे. सप्तपदी चालू असताना तुम्ही एकटेच असाल तर मात्र ही मोठी अडचण आहे. सोनी आणि कॅनन दोघेही चेहरा पकडून ठेवतात. हाताच्या थरथरीचंही असंच. या चौघांत फक्त एफएक्स३ मध्ये सेन्सर स्वतः हलून चित्र स्थिर करतो. बॅटरी आणि कार्डासकट त्याचं वजन ७१५ ग्रॅम. बाकीच्यांना लेन्समधली स्थिरता, गिंबल किंवा खांद्यावरचा रिग लागतो.

पाचवी गोष्ट फ्लॅशची. ही आपल्या लग्नांची खासियत. हे चारही कॅमेरे चित्र ओळीओळीने वाचतात, वरून खाली. याला रोलिंग शटर म्हणतात. फोटोग्राफरचा फ्लॅश क्षणार्धात चमकतो आणि तुमच्या फ्रेमचा अर्धा भाग पांढरा, अर्धा जसाच्या तसा. मंगलाष्टकांच्या शेवटी अक्षता पडतात तेव्हा दहा फ्लॅश एकदम उडतात. रेडच्या कोमोडोत ग्लोबल शटर आहे, तो सगळी फ्रेम एकदम टिपतो, त्यामुळे हा पट्टा येत नाही. पण त्याच्यासाठी कार्ड, बॅटरी, मॉनिटर असा लवाजमा वाढतो. एवढ्यासाठी तो घ्या असं मी म्हणणार नाही. आपल्यासमोर काय येणार आहे हे ठाऊक असावं आणि फोटोग्राफरशी आधी दोन शब्द बोलून घ्यावेत, एवढंच.

सहावी गोष्ट साठवणीची. दुकानदार ती सांगत नाही. एफएक्स३ ला ४के, २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम वेगळी साठवणारा उत्तम दर्जा लावला तर सेकंदाला २५० मेगाबिट जातात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून तासाला ११२ जीबी. ब्लॅकमॅजिकच्या रॉ स्वरूपात ४के, पाचास एक या दाबणीने तासाला साधारण २४० जीबी. ६के घेतलं तर त्याच्याही दुपटीच्या वर. आता तीन दिवसांचं लग्न, दोन कॅमेरे, दिवसाला प्रत्येकी चार तास. झाले चोवीस तास. सोनीचे सुमारे २.७ टीबी, ब्लॅकमॅजिकचे सुमारे ५.८ टीबी. याच्या दोन प्रती ठेवायच्याच, कारण लग्न पुन्हा लागत नाही. म्हणजे एका लग्नाला साडेपाच किंवा साडेअकरा टीबी. वर्षाला दहा लग्नं केलीत तर हार्ड डिस्कचं बिल कुठे जाईल ते तुम्हीच बघा. ब्लॅकमॅजिकच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्याच्यासोबत डाविंची रिझॉल्व्हची पूर्ण आवृत्ती मिळते, आणि रॉमध्ये रंग सुधारायला जेवढी मोकळीक मिळते तेवढी या किमतीत क्वचित मिळते. गोष्ट सांगणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला ती मोलाची आहे.

सातवी गोष्ट, थेट प्रक्षेपण. संमेलन, कीर्तन, नाटकाचा प्रयोग लांबच्या मिक्सरपर्यंत न्यायचा असेल तर एसडीआय केबल लागते. ती लांबवर चालते आणि फिरवून बसवली की निसटत नाही. या चौघांत ती फक्त एफएक्स६ ला आहे. बाकी तिघांना एचडीएमआय, आणि त्या केबलला कुणाचा पाय लागला की पडदा काळा.

एक फसवा आकडाही सांगतो, डायनॅमिक रेंजचा. म्हणजे सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत काळोख्या भागांत कॅमेरा किती स्टॉप तपशील धरतो. पॉकेटचे १३ स्टॉप सांगितले जातात, सोनीचे १५ च्या वर, आरी अलेक्सा ३५ चे १७. पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते. काळोखातला कितपत गोंगाट चालवून घ्यायचा हे ज्याने त्याने ठरवलेलं असतं. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका. एक दिवस भाड्याने आणा, खिडकीपाशी सावळ्या चेहऱ्याचा माणूस बसवा, बाहेर ऊन असू द्या आणि बघा. आपल्या कातडीचा रंग कोण नीट धरतो ते पाचच मिनिटांत दिसतं.

आता मुलं मला 'द क्रिएटर'चं उदाहरण देतात. गॅरेथ एडवर्ड्सचा हा २०२३ चा सिनेमा एफएक्स३ वर चित्रित झाला, ही गोष्ट खरी आहे. पण त्याचं बजेट सुमारे आठ कोटी डॉलर होतं. त्या छोट्या कॅमेऱ्यापुढे अ‍ॅनामॉर्फिक लेन्स होती, मागे ग्रेग फ्रेझर आणि ओरेन सॉफर यांच्यासारखे छायालेखक होते, नंतर दृश्य-परिणामांची मोठी फौज होती. त्या सिनेमातून शिकायचं ते हे, की त्यांनी कॅमेऱ्यावर पैसे वाचवले आणि ते इतरत्र लावले. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सगळे पैसे कॅमेऱ्यात जातात, मग लेन्स साधी, माइक नाही, ट्रायपॉड डुगडुगणारा.

माइकवरून आठवलं. तंजावरकडच्या एका मराठी मुलीने मला विचारलं होतं, "आजीचं बोलणं रेकॉर्ड करायचंय, कोणता सिनेकॅमेरा भाड्याने घेऊ?" भोसल्यांच्या राज्यापासून तिकडे टिकलेली ती मराठी. आजींचं वय ऐंशीच्या पुढे. मी म्हटलं, बाई, तुझा फोन चांगला आहे, तोच स्टँडवर ठेव. दोन कॉलर माइक आण, पंखा बंद कर, आजीला खिडकीशेजारी बसव आणि आजच सुरू कर. चित्र थोडं कमी सुंदर असलं तरी चालेल, शब्द मात्र एकही बुडता कामा नये. काही कामांत कॅमेऱ्याची निवड शेवटी येते आणि वेळेची आधी.

आता पैशांचं. समजा संच चार लाखांचा आहे आणि तोच भाड्याने दिवसाला पाच हजारांना मिळतो. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत तीच. चार लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला सुमारे १९,२०० रुपये. म्हणजे महिन्याला चार दिवस तरी पैसे देणारं काम हवं, तर हप्ता भाड्याइतका झाला. पण आपल्याकडे चातुर्मासात लग्नं लागत नाहीत आणि बँक चातुर्मास पाळत नाही. वर्षभराचे हप्ते आठ महिन्यांत कमवायचे तर महिन्याला जवळजवळ सहा दिवस काम हवं. विमा, दुरुस्ती, डिस्क हे वेगळंच. एवढं काम आज हातात असेल तर जरूर घ्या, सुखाने घ्या. 'कॅमेरा आला की काम येईल' या भरवशावर घेऊ नका. मी माझ्या आसपास काम आल्यावर कॅमेरा घेतलेले लोक टिकलेले पाहिले आहेत.

मग माझं उत्तर काय? एकट्याने लग्नं आणि माहितीपट करणाऱ्याला, विशेषतः रात्री, एफएक्स३ आणि सोबत चांगला एनडी. उन्हातली आणि कंपन्यांची कामं जास्त असतील तर सी७०. प्रक्षेपण आणि मोठे कार्यक्रम असतील तर एफएक्स६. दोन-तीन जणांची टोळी, दिवे आणि हातात कथा असेल तर पॉकेट ६के प्रो. आणि अजून कामच ठरलेलं नसेल तर यातला एकही नको. भाड्याने आणा, तीन वेगवेगळ्या कामांना तीन वेगळे वापरा. बाजारापेक्षा तुमचा हातच तुम्हाला अचूक सांगेल.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तोही कर्ज काढूनच. पण तो आणण्याआधी छपाई, फोटोग्राफी, रसायनं यांत त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. काय करायचंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कर्ज काढू नका असं मी म्हणत नाही. एका कागदावर पुढच्या सहा महिन्यांतली तुमची कामं लिहा, प्रत्येकापुढे ऊन, अंधार, आवाज, साठवण आणि मिळणारे पैसे लिहा. तो कागद घेऊन दुकानात जा. दुकानदार बोलायला लागला की कागदाकडे बघा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.