नळ गावात आला, पण मोटर जळाली तर?

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण आहे पाण्याचाच.

१५ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारनं जल जीवन मिशन जाहीर केलं. गावातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी. महाराष्ट्रात याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलणार. इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं.

पुढचं मात्र कुणी फारसं सांगत नाही. एका गावापुरती योजना असेल, तर ती बांधून झाल्यावर चालवायची कुणी? ग्रामपंचायतीनं. म्हणजे नळ आला दिल्ली-मुंबईच्या पैशातून, पण पंपाचं वीजबिल भरायचं गावानं.

आता हे वाईट आहे का? माझ्या मते अजिबात नाही. कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठल्या आळीत पाणी चढत नाही, हे गावालाच आधी कळतं. १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीचा विचारही हाच होता. तिनं २९ विषयांची यादी दिली, त्यात पिण्याचं पाणी आहे. पण एक मेख आहे. हे अधिकार पंचायतीला राज्य 'देऊ शकतं', असं घटना म्हणते. 'द्यायलाच हवेत' असं म्हणत नाही. म्हणून अनेकदा काम खाली येतं, पण पैसा आणि माणसं वरच राहतात.

साधा हिशोब करू. समजा, गावात ३०० नळ आहेत. वीज, पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर, किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला ३०,००० रुपये लागतात. म्हणजे घरटी १०० रुपये. निम्म्या घरांनी पाणीपट्टी थकवली, तर वर्षाला १,८०,००० रुपयांचा खड्डा! आधी वीजबिल थकतं, मग मोटर जळाली की दुरुस्तीला पैसे नसतात, आणि नवा कोरा नळ कोरडाच.

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी पंचायतींच्या अनुदानातला ३० टक्के वाटा पाण्याच्या कामांसाठी राखून ठेवला होता. मदत आहेच, पण तेवढ्यावर विसंबून योजना चालत नाही.

मग आपण काय करायचं? पुढच्या ग्रामसभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. योजना ताब्यात घेण्याआधी तिची चाचणी झाली का? वर्षाचा खर्च किती आणि पाणीपट्टी किती जमली? मोटर जळाली तर पैसे कुठून येणार? पंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज ॲपवर दिसतो, तो आधी बघून जा.

आणि हो, जाण्याआधी घरची पाणीपट्टी भरलीय का, तेही विचारा. नाहीतर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल!

भेटू पुढच्या भागात.