आधी भरा, मग भांडा



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. परंतु मुलाच्या शिक्षणासाठीच ती चढावी लागली तर? अमेरिकेतील अशा एका खटल्याची हकीकत आज सांगणार आहे.

तेथे १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला त्याच्या गरजेनुरूप मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यासाठी सरकारी शाळेने दरसाल मुलागणिक लेखी योजना आखावयाची. दक्षिण कॅरोलायनातील एका मुलीला वाचन फार जड जाई. ती नववीत पोहोचली, तरी वाचन पाचवीच्या आसपासचे. शाळेने योजनेत उद्दिष्ट कोणते ठेवावे? वर्षभरात चार महिन्यांची प्रगती! म्हणजे मुलगी शिकत राहणार आणि मागेही पडत राहणार. आईवडिलांनी तिला खासगी शाळेत घातले, पदरचे पैसे भरले आणि सरकारी शाळाखात्यावर दावा लावला. तीन वर्षांत तिचे वाचन तीन इयत्ता पुढे गेले. ती खासगी शाळा राज्याच्या मान्य यादीत नव्हती. तरीही १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने पालकांच्या बाजूने कौल दिला. ३५,००० हून अधिक डॉलर व्याजासह परत मिळाले.

हे औदार्य होते काय? मुळीच नाही. १९८५ सालीच न्यायालयाने म्हटले होते की, ही नुकसानभरपाई नव्हे. जो खर्च शाळाखात्याने प्रथमच करावयास हवा होता, तो उशिरा चुकता करणे आहे. २०१७ साली आणखी स्पष्ट झाले की, नावापुरती प्रगती पुरेशी नाही.

शाळाखात्याचीही बाजू आहे. पैसा करदात्यांचा, मागेल त्याला खासगी शाळेची फी कशी द्यावी? म्हणून सरकारी योजना योग्य ठरली, तर पालकाला छदामही मिळत नाही. २००५ च्या निकालाने पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर, म्हणजे बहुधा पालकावरच, टाकला. २००६ च्या निकालाप्रमाणे दावा जिंकला, तरी तज्ज्ञाची फी परत मिळत नाही.

खरी मेख येथेच आहे. आधी भरा, मग भांडा! ज्याच्या गाठीला पैसा आहे, तो भरतो आणि निकालाची वाट पाहतो. ज्याच्याजवळ नाही, त्याचे मूल त्याच बाकावर बसून राहते. खटला वर्षानुवर्षे थांबू शकतो, मुलाचे वय थांबत नाही. हक्क सर्वांना सारखा दिला, पण तो बजावण्याची ऐपत सर्वांना सारखी कोठे आहे?