कुलूप सर्वांस, किल्ली एकास

राळेगणसिद्धीचें नांव घेतांच उघड्या कारभाराची आठवण होते. तेथील अण्णा हजारे यांनीं ऑगस्ट २००३ मध्यें मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केलें आणि राज्याचा माहिती-अधिकाराचा कायदा अंमलांत आला. २००५ सालीं तो देशालाहि मिळाला. सरकारचें दफ्तर उघडें असावें हें ठरलें. पण त्या दफ्तरांतील दोष कळविणाराचें पत्रहि उघडें असावें काय?

त्याच २००३ सालीं सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा गया येथें खून झाला. महामार्गाच्या कामांतील गैरव्यवहार त्यांनीं पंतप्रधानांच्या कार्यालयास कळविला होता व नांव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. खटल्यांत लुटीचें कारण पुढें आलें. तथापि तें नांव कचेऱ्यांतून फिरलें होतें, हें खरेंच.

आपला साधा ई-मेल पोस्टकार्डासारखा आहे. तो ज्या कंपनीच्या यंत्रांत सांठतो, तिला वाचतां येतो. यावरील उपायाचें तत्त्व १९७६ सालीं डिफी व हेलमन यांनीं मांडलें, आणि १९९१ सालीं फिल झिमरमन यांनीं ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’ हा प्रोग्रॅम लोकांच्या हातीं दिला. त्यांत प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली म्हणजे जणूं उघडें कुलूप. तें वाटेल त्यास द्यावें. तें लावून आलेलें पत्र मात्र आपल्या खासगी किल्लीवांचून उघडत नाहीं.

‘थंडरबर्ड’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्यें ही जोडी कांहीं मिनिटांत तयार होते. खासगी किल्लीस लांबलचक परवलीचें वाक्य लावावें, तिची एक प्रत घरांत सुरक्षित ठेवावी आणि ती कोणासहि पाठवूं नये. ती हरवली, तर जुनीं पत्रें कायमचीं बंद होतात. दुसऱ्याची सार्वजनिक किल्ली आली, तर तिच्या ओळखीचे अंक-अक्षर फोनवर त्याच्याच तोंडून पडताळावे, नाहींतर भलत्याचेंच कुलूप लावलें जाईल.

परंतु या कुलुपासहि मर्यादा आहेत. पत्र कोणी, कोणास व केव्हां धाडलें हें दिसतच राहतें. विषयाची ओळहि पुष्कळदां उघडी असते. शिवाय कुलूप केवळ वाटेपुरतें. पत्र उघडणारानेंच नांव फोडलें, तर कोणतेंहि गणित तें वांचवूं शकत नाहीं. म्हणून किल्ली करण्यापूर्वीं पत्र कोणाच्या हातीं जाणार, याचा विचार करावा. आणि दुसऱ्याचें गुपित आपल्या हातीं आलें, तर तें आपणहि राखावें.