धातूचें वावडें आणि चुनखडीचें कवच

आमच्या केडगांवांत काय, नगर शहरांत काय, यात्रेंतील कर्णफुलें घालतांच जिच्या कानाची पाळी चिघळते अशी मुलगी आढळतेच. वडील माणसें "हिच्या अंगांत उष्णता आहे" म्हणून तिलाच दोष देतात. दोष बहुधा मुलाम्याखालच्या निकेलचा असतो. घामानें निकेलचे आयन सुटून त्वचेंत शिरतात. एकदां जडलेलें हें वावडें सहसा जन्मभर सुटत नाहीं.

२०११ सालीं बोस्टन येथील प्रवीण कुमार वेमुला, जेफ्री कार्प प्रभृति संशोधकांनीं चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, नॅनोकण ग्लिसरिनांत कालवून उंदरांच्या त्वचेवर लावले. हे अतिसूक्ष्म कण त्वचेंत न शिरतां वरच्यावर निकेल धरून ठेवतात आणि पाण्यानें धुतांच त्याच्यासह निघून जातात. पूड जितकी बारीक, तितका तिचा पृष्ठभाग अधिक. सारें बळ तेथें आहे.

तथापि घरीं खडू कुटून लावण्याचें धाडस कोणी करूं नये. युरोपांत १९९४ सालींच दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्यानें मर्यादा घातली. आपणही खरेदीच्या वेळीं मुलाम्याखालीं कोणता धातु आहे, हें विचारावें. आणि मुलीला बोल लावण्यापूर्वीं तिच्या कानांतील दागिना उतरवावा.